गणवेशातली मोकळीक

गणवेश म्हणजे मुलांच्या व्यक्तिमत्त्वावर फिरवलेला वरवंटा, असे म्हणणाऱ्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी थोडा वेळ उभे राहावे. एकाच ताग्यातून बेतलेल्या त्या कपड्यांत कोणाची कॉलर उभी असते, कोणी बाह्या दोन घड्या घालून दंडावर चढवलेल्या असतात, तर कोणाचा एक मोजा घोट्याशी मुद्दाम गोळा केलेला असतो. नियमात ‘दोन वेण्या, तांबड्या रिबिनी’ एवढेच लिहिलेले असते; रिबिनीचे फूल कानामागे बसवायचे की पार वेणीच्या टोकाला, हे ज्या मुलीचे तीच ठरवते. पी.टी.च्या सरांनी ओरडून ‘इन’ करायला लावलेला शर्ट फाटकाबाहेर पाऊल पडताच बाहेर आलेला असतो.

गरीब-श्रीमंत हा भेद दिसू नये, हा गणवेशामागचा हेतू मला मान्य आहे, मात्र तो पुरता साधत नाही. पालक कपडे वाढत्या अंगाचे घेतात, आणि दोन वर्षांनी पॅन्टची दुमड उसवली की तिथले न विटलेले कापड गडद पट्टीसारखे उठून दिसते. त्या पट्टीवरून वर्गाला घरची परिस्थिती बरोबर कळते.

सरकारी शाळांसाठी राज्याने २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे हे कपडे अनेक शाळांत कितीतरी उशिरा पोहोचले, आले ते बऱ्याच मुलांच्या अंगाला बसेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावा लागला. त्या गणवेशातल्या आकाशी शर्टाबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईत बसून कोणाच्या अंगाचे माप घेता येत नाही, एवढेच.

खरी अडचण मला रंगापेक्षा कपड्याच्या प्रकाराची वाटते. आठवीत गेलेल्या मुलीला अनेक शाळांत न विचारता पंजाबी ड्रेस मिळतो आणि खांद्यांवर पिनांनी अडकवलेली ओढणीही. तीच मुलगी सायकल दामटत शाळेत येते, मधल्या सुट्टीत कबड्डी खेळते, तेव्हा पहिल्यांदा सांभाळावी लागते ती ओढणी. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील वळयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखाच शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पॅन्ट दिली, त्याचे कौतुक झाले ते योग्यच. तरी सर्वांना पॅन्टच हवी असे माझे म्हणणे नाही. रंग शाळेने ठरवावा आणि स्कर्ट, पॅन्ट की सलवार, हे घालणाऱ्याने.

शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत कापडाचे नमुने टेबलावर येतील, तेव्हा सातवीतल्या चार मुलामुलींनाही आत बोलवावे, आणि त्यांनी सर्वांत आधी खिसे मागितले तर मुलींच्या कपड्यांनाही ते शिवून द्यावेत.