अहवालातलं खरं किती?

लग्नात पंगतीला कुणीतरी शेजारी बसतं, ओळख निघते, आणि दुसरी जिलबी पानात पडेपर्यंत प्रश्न येतो : "आमदारांचा तो अधिवेशनाचा अहवाल तुम्हीच लिहायचात ना? त्यातलं खरं किती असायचं हो?" विचारणारा हसत असतो, म्हणजे उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं. मी इतकी वर्षं "सगळंच खरं असतं" म्हणून वेळ मारून नेली. गंमत अशी, की ते उत्तर खोटं नव्हतं. अहवालात खोटं वाक्य सहसा नसतंच. तशी गरजच पडत नाही, आपली क्रियापदं फार उदार आहेत.

मी दोन आमदारांचा स्वीय सहायक होतो. एकामागून एक, आणि एकमेकांचे कट्टर विरोधक. पहिले पडले, दुसरे आले. दुसऱ्यांनी मला निरोप पाठवला : "तुमच्याकडे फायली आहेत, तुम्हीच या." अधिवेशन संपून साहेब मतदारसंघात परतले, की आठवड्याभरात "अहवालाचं बघा" असं फर्मान निघायचं. अहवाल म्हणजे साहेबांनी अधिवेशनात काय केलं, ते मतदारांना सांगणारी पुस्तिका. मग गुळगुळीत कागद, चार रंगांची छपाई, आणि मुखपृष्ठावर वरच्या ओळीत कुणाकुणाचे फोटो कोणत्या क्रमाने, यावर मजकुरापेक्षा जास्त चर्चा.

वर्षाला अधिवेशनं तीन. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, डिसेंबरात नागपूरला हिवाळी. १९५३च्या नागपूर करारात विदर्भाला जो शब्द दिला गेला, त्यातून हे हिवाळी अधिवेशन आलं. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, एवढंच राज्यघटनेच्या १७४व्या कलमाचं म्हणणं. किती दिवस बसायचं, हे ती सांगत नाही. सरकारंही ते फार मनावर घेत नाहीत.

आता क्रियापदांकडे येतो. अहवालात सगळ्यात मोठा भाग प्रश्नांचा. "ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदांचा प्रश्न साहेबांनी विधानसभेत उपस्थित केला." हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, याची गणती नाही. ते कसं तयार होतं, ते सांगतो.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. त्याची भाषा ठरलेली असते. "(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" हा साचा एकदा हाताला बसला, की विषय बदलायचा आणि शेपूट तेच ठेवायचं. मी झोपेतही प्रश्न पाडू शकतो, असं बायको म्हणायची. घरातही मी "हे खरे आहे काय" विचारायला लागलो होतो, म्हणे.

त्याच विषयावर आणखी दहा सदस्यांनी प्रश्न दिलेला असला, की सगळ्यांची नावं एकत्र छापून येतात. आमच्या साहेबांचं नाव कधी तिसरं, कधी अकरावं. यादीत प्रश्नाचा क्रमांक समजा तिसाव्या पुढचा. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे खरंच एक तास, तोही गोंधळात बुडाला नाही तर. पाच-सात प्रश्न होतात आणि तास संपतो. उरलेल्यांची छापील उत्तरं पटलावर ठेवली, असं मानलं जातं. म्हणजे साहेब त्या विषयावर चकार शब्द बोललेले नाहीत, कदाचित सभागृहातही नाहीत, पण प्रश्न "उपस्थित" झालेला आहे. कामकाजात छापलंय. खोटं कुठे आहे?

आणि उत्तर? ते तर मराठी गद्याचा स्वतंत्र प्रकार मानायला हवा. "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही." ज्या रुग्णालयात बाळंतिणीला रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या गावाला पाठवतात, तिथल्या विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याचा मात्र कधी राग आला नाही.

अहवालात मी प्रश्न छापायचो, उत्तर गाळायचो. सगळेच गाळतात.

तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना म्हणजे लक्षवेधी. तिचा मान प्रश्नापेक्षा मोठा. नियम १०५ खाली सूचना लागली, की मंत्र्याला निवेदन करावं लागतं, सदस्याला उभं राहून खोदून विचारता येतं, आणि त्याचा व्हिडिओ मिळतो. साहेबांच्या तोंडासमोर माइक असलेलं चित्र तिथूनच कापून घ्यायचं. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर नियम २९३ खाली चर्चा होते, तिच्यात तासन् तास भाषणं चालतात. रात्री उशिरा आपला नंबर येतो तेव्हा बाकं रिकामी असतात, म्हणून चित्र जवळून कापायचं. आमदार निधीची पानं याहून सोपी. वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा. अधिवेशनाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही, पण अधिवेशनाच्या अहवालात निम्मी जागा त्यांचीच. लोकांना तेच दिसतं, हेही खरं.

खरा घोळ "मंजूर" या शब्दाचा.

आमच्या मतदारसंघात ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. पावसाळ्यात पोरांना शाळेत जाताना पाणी उतरून जावं लागे. पूल हवा होता. पहिल्या साहेबांनी खरोखरच खटपट केली, हे मी शपथेवर सांगेन. मंत्रालयात खेटे घातले, आणि एका पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत ते काम आलं. पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पात जे बसलं नाही किंवा बसवलं नाही, त्यासाठी वर्षाच्या मध्येच मागितलेला पैसा. हजारो कोटींच्या मागण्या एखाद-दोन दिवसांत मंजूर होतात. त्या जाड पुस्तकात आमच्या पुलाची एक ओळ होती. ओळीच्या शेवटी रक्कमही होती, पण ती टोकन, म्हणजे नाममात्र तरतूद. कामाला यादीत पाय ठेवायला जागा मिळाली, इतकाच तिचा अर्थ.

मी छापलं : "पूल मंजूर करून घेतला." ठळक अक्षरांत. शेजारी ओढ्याचा फोटो.

पुढच्या जूनमध्ये त्या वस्तीवरचे एक आजोबा कार्यालयात आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पिशवीतून आमचा अहवाल काढला, चार घड्या घातलेला, आणि टेबलावर पसरून त्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय पूल मंजूर. मग आमी पोरं खांद्यावर घिऊन का उतरतोय?"

मी त्यांना समजावलं. अर्थसंकल्पात काम आलं, की आधी प्रशासकीय मान्यता. त्यासाठी अंदाजपत्रक. मग तांत्रिक मान्यता. मग निविदा. निविदेला कुणी आलं नाही तर पुन्हा निविदा. मग कार्यारंभ आदेश. आणि यातल्या प्रत्येक पायरीवर निधी किती उपलब्ध आहे, हे वेगळंच. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी नुसतं पोरगी बघून आलाय. आन् पत्रिकेत लगीन झालं म्हणून छापलंय."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

तो पूल झाला. आणखी चार वर्षं लागली, तोवर आमदार बदलले होते. दुसऱ्या साहेबांच्या पहिल्याच अहवालात मी लिहिलं : "वर्षानुवर्षे रखडलेला पूल पूर्णत्वास नेला." दोन पक्ष, दोन पुस्तिका, पूल एक, लिहिणारा हातही एकच. दोन्ही वाक्यं तपासून घ्या, दोन्ही खरी आहेत.

लोक निधीबद्दल विचारतात, पुलाबद्दल विचारतात. एक गोष्ट मात्र मला आजवर कुणी विचारलेली नाही : या अधिवेशनात कायदे कोणते झाले आणि आमचा माणूस त्यावर काय म्हणाला? कायदा करणं हे या मंडळींचं मूळ काम, आणि अहवालात त्यालाच पान नाही. विधेयक बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, होयचे बहुमत, झालं. कोण होय म्हणालं आणि कोण बाहेर चहा पीत होतं, याची नावानिशी नोंद राहत नाही. पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश असला, तर १९८५ सालच्या पक्षांतरबंदीनंतर उलट मत देऊन आमदारकी घालवायला कोण तयार होईल? साहेबांना एकदा म्हटलं, मंजूर झालेल्या विधेयकांची यादी तरी छापू. ते म्हणाले, "वाचणार कोण? त्या जागी गटाराचा फोटो टाका, लोक आपलं गटार ओळखतात."

त्यांचंही चूक नव्हतं. तरी मला तेव्हा रोजगार हमीची आठवण झाली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं त्या कामांवर जगली, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर. पगाराच्या पावतीवर वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत कापलेले दिसतात, ते हेच. देशाने असा कायदा केला २००५ मध्ये. मुंबईच्या सभागृहात "होय" म्हटलेल्या एका शब्दाने बांधावरच्या बाईच्या हातात आठवड्याची मजुरी पडली. आता त्या "होय"चा फोटो कसा काढणार? गटाराचा निघतो.

दुसऱ्या साहेबांच्या काळात मी एक प्रयोग केला. आजोबांची पत्रिका डोक्यातून गेली नव्हती. निवडणूक अजून लांब होती, साहेब खुशीत होते, म्हणून जमलं. अहवालाच्या मधल्या दोन पानांवर तक्ता टाकला. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात प्रश्न, तिसऱ्यात मंत्र्यांनी दिलेलं उत्तर, चौथ्यात "आजची स्थिती". मंत्री सभागृहात "चौकशी करू", "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" म्हणाले, की ते आश्वासन ठरतं, आणि त्याचं पुढे काय झालं हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समितीच असते. ही गोष्ट मतदारांना माहीत नसते, आणि पुष्कळ आमदारांना आठवत नसते. मी जुन्या कामकाजातून आश्वासनं शोधून काढली, खात्यांना फोन केले, जे कळलं ते चौथ्या रकान्यात भरलं. एकतीस नोंदींपैकी एकोणीसपुढे "माहिती प्राप्त नाही" लिहावं लागलं.

मला वाटलं, लोक म्हणतील, बघा, आमदार प्रामाणिक आहे. विरोधकांनी त्या दोन पानांच्या झेरॉक्स काढल्या, एकोणीस ठिकाणी लाल पेनाने गोल केले आणि बाजाराच्या दिवशी वाटल्या. वर शीर्षक : "हे त्यांनीच लिहून दिलंय."

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. पुढच्या वर्षीच्या मजकुरावर नजर टाकताना फक्त म्हणाले, "तो शेवटचा रकाना काढा." मी काढला. मग तिसराही काढला, कारण चौथ्याशिवाय तो पोरका दिसायला लागला. उरली तारीख आणि प्रश्न. म्हणजे पूर्वीचंच.

अहवाल वाटून झाल्यावर आजोबा आले होते. आता चालताना काठी लागत होती. पूल झाल्यापासून त्यांची काही तक्रार नव्हती, ते आपल्या नातवाच्या दाखल्यासाठी आले होते. जाता जाता टेबलावरची नवी पुस्तिका उचलली, मधली पानं उघडली, मागे-पुढे केली.

"त्यो मागचा रकाना कुठं गेला?"

"पानं कमी पडली, आजोबा," मी म्हणालो.

पुस्तिका बत्तीस पानांची होती, आणि शेवटची दोन शुभेच्छांची.