काटा पंधरावर, तरी ड्रम कच्चा

ठाण्यात नौपाड्यात, पाचपाखाडीत, घोडबंदर रोडला टॉवरच्या पहिल्या मजल्यावर दहा-पंधरा खाटांची जी सर्जिकल नर्सिंग होम्स आहेत, तिथे सिस्टरचं काम मोठ्या हॉस्पिटलसारखं वाटून दिलेलं नसतं. सकाळी हर्नियाची ट्रॉली लावणारी, दुपारी त्याच पेशंटचं बीपी घेणारी आणि संध्याकाळी उद्याचे ड्रम (ऑपरेशनचं कापड निर्जंतुक करायचे पत्र्याचे डबे) भरणारी सिस्टर एकच. एएनएमचा (सहायक नर्स-मिडवाइफ) कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी) तीन वर्षांचा, आणि दोघींनाही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. कोर्समध्ये बहुतेक सगळं शिकवलेलं असतं. फक्त मोठ्या हॉस्पिटलात एकीची चूक दुसरीच्या हातात गेली की पकडली जाते. इथे ती दुसरी नसते. त्यामुळे एखादी वस्तू ‘झालेली’ दिसते म्हणजे ती खरंच झालीये का, हे आपलं आपणच तपासायचं.

सुरुवात ऑटोक्लेव्हपासून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रापासून, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

छोट्या ठिकाणी बहुधा उभा ऑटोक्लेव्ह असतो. तळाला पाणी, पाण्यात कॉइल, वर जाळी. पाणी कॉइल पूर्ण बुडेल इतकं, पण जाळीच्या खालीच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घातलं तर महिन्या-दोन महिन्यांत कॉइलवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जाते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यापेक्षा स्वस्त पडतो. झाकणाची रबर रिंग रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. एका बाजूने गोल फिरत आवळले तर झाकण तिरकं बसतं आणि वाफ गळते.

आता वाफ सोडायचा व्हॉल्व्ह. बटण चालू करून व्हॉल्व्ह लगेच बंद करायची सवय अनेक ठिकाणी दिसते, कारण काटा लवकर चढतो आणि काम उरकल्यासारखं वाटतं. पण आतली हवा बाहेर पडलेलीच नसते. काटा दाब दाखवतो, आणि दाब हवेचाही असतो, वाफेचाही असतो. ठाणे समुद्रसपाटीजवळ, त्यामुळे हवा पूर्ण निघाली असेल तर १५ पौंडांवर आत १२१ अंश सेल्सिअस मिळतात. अर्धीच हवा निघाली असेल तर काटा तसाच १५ वर असतो, पण आत ११२ च्या आसपास. अजिबात निघाली नसेल तर १०० अंश. म्हणजे ड्रम उकडला, निर्जंतुक झाला नाही. म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. आधी वाफ थुंकल्यासारखी अडखळत येते, मग सरळ, जोरात, न तुटता यायला लागते. तशी आल्यावर आणखी पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि मग बंद. काटा १५ वर पोचला की तिथून घड्याळ लावायचं: कापडाच्या ड्रमला ३० मिनिटं. मध्येच लाइट गेली आणि काटा खाली आला, तर आधीची मिनिटं धरायची नाहीत. पुन्हा पहिल्यापासून.

ड्रम भरताना मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), टॉवेल, गाऊन उभे लावायचे, कपाटात फायली लावतो तसे. भरून झाल्यावर दोन थरांच्या मधे हात सपाट घालून बघा. हात अडकला तर वाफही अडकणार. ड्रमच्या बाजूच्या खिडक्या आत जाताना उघड्या आणि बाहेर काढल्याबरोबर बंद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही आठवड्यातून एखादा ड्रम बंद खिडक्यांनी आत जातो. त्याच्यावरच्या टेपवर काळ्या रेघा मात्र व्यवस्थित उमटलेल्या असतात! टेपचं काम एवढंच की हा ड्रम गरम झालेला आहे, तो न झालेल्यात मिसळू नका. आतल्या गाऊनच्या घडीपर्यंत वाफ पोचली का, हे तिला कळत नाही. त्यासाठी इंडिकेटर स्ट्रिप ड्रमच्या मधोमध, सगळ्यात जाड कापडाच्या घडीत ठेवायची. जंतू खरंच मरतात का, हे बीजाणूंच्या (जंतूंच्या सगळ्यात चिवट रूपाच्या) चाचणीनेच कळतं. ती आठवड्यातून एकदा लावावी आणि निकाल वहीत चिकटवावा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. जून ते सप्टेंबर इथली हवा पिळून काढावी अशी ओली असते. तीस मिनिटं झाली, वाफ सोडली, घाईने ड्रम बाहेर काढून कडप्प्यावर ठेवला, की पाच मिनिटांत ड्रमच्या बुडाला आतून पाणी सुटतं. गरम पत्रा, थंड दगड. त्या पाण्याने तळाचा मॉप ओला होतो, आणि ओलं कापड बाहेरचे जंतू वातीसारखे आत ओढतं. ओला ड्रम म्हणजे न लावलेला ड्रम. उन्हात वाळवून चालत नाही, पुन्हा लावायचा. उपाय साधा आहे. वाफ गेल्यावर झाकण बोटभर उघडून ड्रम अर्धा तास आतच राहू द्यायचा. बाहेर काढल्यावर लाकडी फळीवर किंवा दुमडलेल्या कोरड्या चादरीवर ठेवायचा, दगडावर नाही, पंख्याखाली नाही. ड्रमवर तारीख, वेळ, लावणारीचं नाव.

अवजारांचं थोडक्यात. केस संपली की आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा), अ‍ॅलिस, नीडल होल्डर सलाइनमध्ये टाकून ठेवायची पद्धत सोडून द्या. मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात, मग खड्ड्यात गंज, गंजात रक्त. आधी साधं गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्त शिजून सांध्यात घट्ट बसतं. मग एन्झाइमचं द्रावण, सांध्यात ब्रश, स्वच्छ पाणी, कोरडं फडकं. ऑटोक्लेव्हमध्ये जाताना प्रत्येक आर्टरीचं कुलूप उघडं. सायडेक्समध्ये (ग्लुटराल्डिहाइडचं द्रावण) २० मिनिटं ठेवलेल्या दुर्बिणीचं उच्च पातळीचं जंतुनाशन होतं, पण ती निर्जंतुक होत नाही; बीजाणू मारायला १० तास लागतात. या दोन गोष्टींची गल्लत नको. काढल्यावर निर्जंतुक पाण्याने भरपूर धुवायची, नाहीतर ग्लुटराल्डिहाइड पेशंटच्या आत जातं.

पेशंटच्या तयारीत फसवणारा शब्द म्हणजे ‘उपाशी’. “उपाशी आहात ना?” असं विचारलं की शहापूर-मुरबाडहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मावशी “हो” म्हणतात, आणि ते त्यांच्या हिशेबाने खरंच असतं. त्यांनी फक्त चहा घेतलेला असतो. दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच धरायचा, त्याला सहा तास हवेत. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तेव्हा प्रश्न बदला: “सकाळपासून तोंडात काय काय गेलं? चहा? बिस्किट? गोळी? मिश्री लावली का?” एकेक विचारलं की एकेक बाहेर येतं. आणि कळलं की सरांना (सर्जनना) आणि भूलतज्ज्ञांना लगेच सांगायचं, स्वतःच्या मनाने केस पुढे ढकलायची नाही. रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली, हेही याच वेळी विचारायचं.

बांगड्या आणि मंगळसूत्रावरून वाद घालू नका, कारण सांगा. कॉटरीची (विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या यंत्राची) वीज पेशंटच्या अंगाखालच्या प्लेटमधून परत जायला हवी. अंगावर धातू असेल आणि तो टेबलाला टेकला तर तिथे भाजू शकतं. मंगळसूत्र नातेवाइकाच्या हातात द्यायचं, वहीत त्यांची सही घ्यायची. प्लेट मांडीच्या किंवा पोटरीच्या मांसल भागावर, कोरड्या त्वचेवर, पूर्ण चिकटलेली. हाडावर नाही, जुन्या व्रणावर नाही. स्पिरिट असलेलं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत, निदान तीन मिनिटं, कॉटरी चालू करू द्यायची नाही. चादरीखाली साठलेलं स्पिरिट पेट घेतं.

उजवी बाजू की डावी, हे तीन ठिकाणी जुळलं पाहिजे: सही केलेला फॉर्म, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि पेशंट स्वतः बोटाने दाखवतो ती जागा. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट याचसाठी आहे, पण ती भिंतीवर लॅमिनेट करून लावण्यासाठी नाही. चिरा घेण्याआधी मोठ्याने वाचायची, आणि ती सिस्टरनेच वाचलेली बरी.

लिग्नोकेनच्या (जागा बधिर करायच्या औषधाच्या) बाटल्यांकडे जरा निवांत बघा. साधी आणि अ‍ॅड्रेनलिनवाली, दोन्ही ३० मिलीच्या, शेजारी ठेवल्या तर घाईत एकसारख्याच. सुंतेला किंवा बोटाच्या केसला सर साधीच मागतात. हातात दुसरी गेली तर तिथला रक्तपुरवठा आवळला जाऊ शकतो. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायच्या, भरताना लेबल मोठ्याने वाचायचं, सिरिंजवर पट्टी लावून नाव लिहायचं. मात्रेचा हिशेब सर करतातच, तरी आपल्यालाही यायला हवा. दोन टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम धरली तर ५० किलोच्या बाईला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ११ मिली. अ‍ॅड्रेनलिनसोबत किलोमागे सात, म्हणजे साडेसतरा मिली. अख्ख्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम असतात. मोठी गाठ काढताना “सिस्टर, आणखी थोडं द्या” असं तिसऱ्यांदा ऐकू आलं की आतापर्यंत किती गेलं ते आकड्यात सांगायचं. पेशंट म्हणाला की जीभ बधिर झाली, तोंडात धातूची चव येतेय, कानात आवाज येतोय, तर ती भीती समजून पाठ थोपटू नका. त्याच क्षणी सरांना थांबवा.

मॉपची मोजणी तीनदा: सुरू करण्याआधी, पोट बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी. मोजायला दोघं हवीत, आणि मोठ्याने. छोट्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दुसरी माणूस म्हणजे मदतनीस मावशीच असते. चालेल, पण आकडा फळ्यावर लिहायचा, डोक्यात ठेवायचा नाही. गॉजचं पाकीट दहाचं असतं यावर विश्वास ठेवू नका. नऊ किंवा अकरा निघाले तर ते अख्खं पाकीट ओटीच्या बाहेर. गॉज कापून अर्धा करायचा नाही. पोट उघडल्यावर सुटा गॉज आत जाऊ द्यायचा नाही, स्पंज होल्डरवरच. क्ष-किरणात दिसणारा धागा असलेलेच मॉप वापरायचे, आणि मॉपच्या शेपटीला (नाडीला) आर्टरी लावायची. एक नियम मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: शेवटची मोजणी जुळेपर्यंत बादली ओटीतून हलवायची नाही. हरवलेला मॉप बहुधा तिथेच असतो, नाहीतर चादरीच्या घडीत, नाहीतर कुणाच्या तरी चपलेखाली. सापडला नाही तर सरांना तेव्हाच सांगायचं. बाहेरून येणाऱ्या सर्जनची पुढची केस कळव्याला असते आणि घोडबंदरला गाड्या तुंबलेल्या असतात, सगळं मान्य. तरी टाके थांबवायचे, शोधायचं, गरज पडली तर एक्स-रे.

काढलेली गाठ बायोप्सीला जायची असेल तर १० टक्के फॉर्मलिन, गाठीच्या दहापट, रुंद तोंडाच्या बरणीत. सलाइनमध्ये पाठवली तर ती सडायला लागते आणि पॅथॉलॉजिस्टला काही दिसत नाही. नाव बरणीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये चार झाकणं एकदम उघडली जातात.

कचरा तर रोजचाच: रक्ताळलेले गॉज पिवळ्यात, ग्लोव्ह आणि आयव्ही सेट लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात आणि तोही तीन चतुर्थांश भरेपर्यंतच, काचेचे अँप्युल निळ्यात, ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. सुईवर टोपण परत चढवायचं नाही. टोचलीच तर साबण आणि वाहतं पाणी, बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. रविवारी रात्री ते जवळच्या कोणत्या सरकारी हॉस्पिटलात मिळतं, हे सुई टोचायच्या आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी). तो १० च्या खाली आला तर तीन डोस घेतलेत एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

वॉर्डात आणल्यावर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी आणि बीपी. स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) दिलं असेल तर लघवी कधी झाली ते वेळेसह लिहायचं. हर्नियाच्या आणि मूळव्याधीच्या पेशंटची लघवी बऱ्याचदा अडते आणि तो लाजेने सांगत नाही. ड्रेसिंगवर रक्त दिसलं तर “थोडं सोकेज आहे” असं लिहू नका. बॉलपेनने डागाच्या कडेने गोल काढा आणि शेजारी वेळ टाका, ८.१०. रात्रीच्या सिस्टरने साडेनऊला पांघरूण बाजूला केलं की डाग रेघेच्या आत आहे की बाहेर गेलाय, हे तिला दिव्याखाली एका नजरेत दिसतं.