खरी होपी बाहुली कशी ओळखायची? तुम्ही विचारलंत म्हणून

ग्रँड कॅन्यनला निघालेली मंडळी हमखास विचारतात: तिथल्या दुकानांत मुखवट्याच्या, पिसं लावलेल्या लाकडी काचिना बाहुल्या दिसतात, त्यांतली खरी होपी, म्हणजे होपी या आदिवासी जमातीची, कोणती? आणि ती देवाची मूर्ती असेल तर शोकेसमध्ये ठेवलेली चालते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ती मूर्ती नाही, तिची पूजा होत नाही. होपींची गावं ईशान्य ॲरिझोनात, तीन मेसांवर म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत. पाऊस आणि पीक आणणारे आत्मे म्हणजे कात्सिना (‘काचिना’ हा त्याचाच उच्चार) हिवाळ्यात गावात येतात आणि जुलैतला निमान विधी झाला की फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परततात, अशी होपींची श्रद्धा. फेब्रुवारीतल्या पोवामुया विधीत आणि निमानला कात्सिनांचं रूप घेतलेले लोक मुलींना ही बाहुली, ‘तिहू’, देतात आणि ती घरात भिंतीवर टांगली जाते. तान्ह्या बाळाची तिहू म्हणजे रंगवलेली चपटी फळी. तिला कोरलेले हातपाय नसतात. पूर्ण आकाराची बाहुली मूल मोठं झाल्यावर.

आता ओळखायचं कसं. पहिली गोष्ट लाकूड. तिहू कॉटनवूड झाडाच्या वाळलेल्या मुळाची कोरतात. हे झाड ओढ्याकाठी वाढतं आणि त्याची मुळं पाण्याच्या शोधात जातात, त्यामुळे पाऊस मागणाऱ्या विधीला तेच लाकूड शोभतं. व्यवहारातही ते सोयीचं: मऊ, हलकं, चाकूला सहज वळणारं. बाहुली आकाराच्या मानाने जड लागली तर शंका घ्या. मूळ नीट वाळलेलं नसलं तर कोरल्यावर तडा जातो, आणि मुळात अडकलेली वाळू चाकूची धार घालवते.

करवतीने तुकडा कापायचा, छिन्नीने डोकं, धड, पाय मोकळे करायचे, मग चाकू आणि कानस, शेवटी वाळूच्या दगडाने किंवा पॉलिश पेपरने घासायचं. त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा हात. जुन्या बाहुल्यांत पुढचे रंगही खनिजांचे: गेरूसारखी लाल माती, पिवळी माती, तांब्याच्या खनिजाचा निळा-हिरवा, काजळीचा काळा. हे रंग बोटाला लागतात, म्हणून जुनी बाहुली ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे ती बिघडवणं. आज बहुतेक जण ॲक्रिलिक वापरतात. तेवढ्यावरून बाहुली खोटी ठरत नाही.

पिसांबाबत मात्र सावध राहा. अमेरिकेत 1918 च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची पिसं विकता येत नाहीत, गरुडाची तर अजिबातच नाहीत. म्हणूनच आजचे चांगले कारागीर पिसंही लाकडातच कोरतात, एकेक रेघ काढून. सशाची कातडी, मणी आणि पिसांचा मोठा झुपका यांखाली लाकूडच दिसत नसेल, तर बाहुली बहुधा घाऊक बनवलेल्या मालातली. शेजारच्या नवाहो जमातीचे कारागीरही अशा बाहुल्या करतात; नवाहो म्हणून विकल्या तर त्यात लबाडी नाही.

पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो अर्धाच पटतो, आणि त्याचं कारण विल्सन तवाक्वाप्तेवा. हे ओरायबी या होपी गावाचे किकमोंग्वी, म्हणजे प्रमुख. 1906 मध्ये गावात फूट पडून विरोधी गट बाहेर पडला आणि त्याने होटेविला हे गाव वसवलं, तेव्हा ओरायबीत राहिलेल्या गटाचे पुढारी हेच. पुढे ते पर्यटकांना बाहुल्या विकत, पण मुद्दाम घोटाळा करून: एका कात्सिनाचे कान, दुसऱ्याचं तोंड, तिसऱ्याचे रंग. विधीतल्या कुणाशीच ती जुळू नये, हाच हेतू. विधीचा रक्षक आणि बाहुल्या विकणारा एकच माणूस, आणि दोन्हींमधली रेघ त्यानेच आखलेली. चित्राशी ताडणारा त्यांची बाहुली ‘चुकीची’ म्हणून परत ठेवेल; संग्राहक तीच शोधत असतात. त्यावर नावही सापडेलच असं नाही. बाहुलीवर आद्याक्षरं घालण्याची सुरुवात ओरायबीच्याच जिमी केवानवायटेवाने केली, असं मानतात. आज तळाला कारागिराचं नाव आणि बहुधा कात्सिनाचंही असतं.

म्हणून विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्या: कारागिराचं नाव, जमात, गाव. ‘होपी शैलीची’ असं लिहिलं तर ती होपी नाही, असंच समजा. खोटी वस्तू आदिवासी कला म्हणून विकणं 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे प्रामाणिक माणूस लिहून द्यायला कुरकुरत नाही. थेट गावात गेलात तर कॅमेरा गाडीतच ठेवा. फोटो, रेखाटन, रेकॉर्डिंग सगळ्याला मनाई आहे.

बाहुली घ्या, पण विधीतला मुखवटा कुणी दाखवला तर तिथून निघा. मुखवटा होपींच्या लेखी जिवंत असतो, विक्रीचा नसतो. 2013 मध्ये पॅरिसमध्ये असे मुखवटे लिलावात निघाले, होपी कोर्टात गेले आणि हरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲननबर्ग फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेने लिलावातून 24 पवित्र वस्तू विकत घेतल्या, त्या परत देण्यासाठी. त्यांतल्या 21 होपींच्या होत्या.

मुंबई-कोकणात आणणार असाल तर काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दमट हवेत लाकूड फुगतं, रंगाचे पापुद्रे निघतात, खऱ्या पिसांना कसर लागते. आणि चकाकीसाठी वॉर्निश मारू नका.