शाळेमागच्या काळ्या दगडावर रोव्हरची तपासणी

मंगळावरील रोव्हर खडक कसा तपासतो, हे फळ्यावर समजावण्याऐवजी लोणार तालुक्यातील आमच्या शाळेमागच्या नाल्यातील काळ्या दगडावर करून पाहायचे मी ठरवले. लोणारचे विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्केच्या आघाताने झालेले असल्याने मंगळाच्या अभ्यासकांनाही ते महत्त्वाचे वाटते, तेव्हा जागा शोधावी लागली नाही.

नववीच्या मुलांचे दोन गट केले. एकाने वर्गात बसून केवळ छायाचित्रांवरून सूचना लिहायच्या आणि दुसऱ्याने नाल्यात तेवढेच करायचे. पृथ्वीवरून निघालेल्या संदेशाला मंगळावर पोहोचायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागत असल्यामुळे रोव्हरला दिवसभराची कामे एकदमच कळवतात. मुलांना ही अट फार जड गेली. डावीकडचा दगड म्हणजे कोणाच्या डावीकडचा, या वादातच पहिली तासिका संपली.

२०१२ मध्ये मंगळावर उतरलेला क्युरिऑसिटी रोव्हर सुमारे ७ मीटरपर्यंतच्या खडकावर लेसर मारतो आणि चमकणाऱ्या वाफेच्या वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखतो. ही पायरी आम्ही तोंडीच उरकली.

घासण्याला मात्र पुरेसा वेळ दिला. आमच्याकडचा दगड हवा-पाण्याने झिजून बाहेरून तांबूस दिसतो. वेल्डिंगच्या दुकानातून आणलेला ग्राइंडर मी स्वतः चालवला, तेव्हा आतला करडा-काळा भाग उघडा पडला आणि भिंगातून बारीक स्फटिक दिसू लागले. २०२१ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलेला पर्सिव्हरन्स रोव्हरही सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा भाग घासतो, नायट्रोजनच्या झोताने भुकटी उडवतो आणि मगच क्ष-किरणांनी त्या भागातील मूलद्रव्यांचा नकाशा काढतो.

मूलद्रव्ये कळली तरी खनिज कळतेच असे नाही, कारण तीच मूलद्रव्ये वेगवेगळ्या रचनेत जुळू शकतात. म्हणून क्युरिऑसिटी खडकाला भोक पाडून त्याची भुकटी पोटातील उपकरणात घेतो आणि तिच्यातून क्ष-किरण कसे विखुरतात ते पाहतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये गेल विवरात प्रथम मिळालेल्या भुकटीत स्मेक्टाईट ही चिकण खनिजे सापडली. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती याच गटातील खनिजांची आहे. हे ऐकताच एका मुलाने विचारले, “मग तिथे कापूस होईल का, सर?” ती खनिजे तेथे पूर्वी पाणी होते एवढेच सांगतात, आणि आज पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी असलेल्या हवेच्या दाबात पृष्ठभागावर द्रवरूप पाणी टिकत नाही, हे समजावण्यात उरलेली तासिका गेली.