पाव फेरा

आमच्या अवतीभवती राबणाऱ्या वयस्कर माणसांचं मला बरीच वर्षं कौतुक वाटत आलं, पण चुकीच्या कारणासाठी. ‘या वयात केवढी धावपळ करतात!’ असं मी म्हणायचो. मग एकदा त्यांच्यातल्या एकाशेजारी तासभर बसायची वेळ आली आणि लक्षात आलं, की धावपळ करतो तो मी. ते करतच नाहीत. एकदा बसले की हाताच्या टप्प्यातलं सगळं उरकूनच उठतात. पाना जिथून उचलला तिथेच ठेवतात, म्हणून तो शोधावा लागत नाही. आपण ज्याला कष्ट म्हणतो त्यातला निम्मा भाग शोधाशोधीचा असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

ती वेळ आली माझ्याच उद्योगामुळे. सायकलचं पुढचं चाक आउट झालं होतं. फिरताना लचकायचं आणि दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासायचं. व्हिडिओ पाहून मी घरीच आउट काढायला बसलो. तत्त्व सोपं आहे. रिंग ज्या बाजूला गेली असेल तिच्या विरुद्ध बाजूचे स्पोक आवळायचे आणि गेलेल्या बाजूचे तेवढेच सैल करायचे. मी यातला पहिला अर्धाच भाग पाळला. ढिलेपणामुळेच तर चाक बिघडलंय, मग आणखी सैल कशाला करा, असा माझा सरळ हिशेब. आवळत गेलो. अर्ध्या तासात लचकणं बरंच कमी झालं आणि चाकाचं अंडं झालं. आता ते वर-खाली उडायला लागलं.

दोन घरं सोडून राहणारे काका सत्तरी कधीच ओलांडलेले. जन्मभर सायकली दुरुस्त केल्या, आता अंगणातच एखाददुसरी हाताळतात. त्यांनी माझं चाक एकदा फिरवलं आणि विचारलं, “सुरुवात कुठून केलीस?”

“जिथे घासत होतं तिथून.”

“हं,” एवढंच म्हणाले आणि सगळे स्पोक सैल करायला घेतले. ३६ च्या ३६. माझं अर्ध्या तासाचं कर्तृत्व पाच मिनिटांत धुऊन निघालं.

मग व्हॉल्व्हच्या भोकापासून मोजायला सुरुवात. तिथून निघायचं आणि तिथेच परत यायचं, म्हणजे कुठला स्पोक झाला नि कुठला राहिला हे डोक्यात ठेवावं लागत नाही. आधी प्रत्येक निपल (स्पोकच्या रिंगकडच्या टोकावर बसणारी छोटी आटेदार टोपी) सारखी फिरवून घेतली, आटे जेमतेम दिसेनासे होईपर्यंत. चाक सायकलवर चढवलं. काकांना बारीक फरक आता दिसत नाही, म्हणून त्यांनी खडू घेतला. हात फोर्कला टेकवून खडूचं टोक रिंगपासून केसभर लांब धरायचं आणि चाक हळू फिरवायचं. रिंग जिथे बाहेर आली असेल तिथे ती स्वतःच खडूला लागते आणि रेघ उमटते. रेघ लांब असली की दोन-तीन स्पोकांचं काम, आखूड असली की एकाचं. मधूनमधून ते नखाने स्पोक छेडत होते. पुढच्या चाकातल्या एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात वाजायला हव्यात. एखादी भसाडी वाजली की ती सैल. नजर गेली त्याची भरपाई कानाने केलेली. आणि हे करताना एका शब्दाचीही तक्रार नाही, उलट मी मोबाइलचा दिवा धरला तर म्हणाले, “तो बंद कर, डोळ्यावर येतो.”

मला खरं शिकवलं ते निपल फिरवायच्या चावीने. काका निपल पाव फेरा फिरवायचे आणि थांबायचे. चाक फिरवून पाहायचे, मग पुन्हा पाव फेरा. मी अर्धा-अर्धा, कधी पूर्ण फेरा देत आलो होतो. घरी येऊन हिशेब केला. नेहमीच्या स्पोकची तार २ मिलिमीटर जाड आणि तिला आटे इंचाला ५६. म्हणजे निपलच्या पूर्ण फेऱ्याने तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकते. पाव फेरा म्हणजे मिलिमीटरचा साधारण नववा भाग. एवढ्याने काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण ती तार उभी धरून दाबली तर लगेच वाकते. माणसाचा भार ती पेलते ती केवळ ताणलेली असते म्हणून. ३६ तारा रिंगला आत ओढत असतात, निम्म्या डावीकडून, निम्म्या उजवीकडून. त्यातली एक आवळली की उरलेल्या ३५ जणींना थोडंफार कळतंच. तेव्हा एकीला काही सांगायचं तर हळू आवाजात. मी ओरडत सुटलो होतो.

तरुण माणूस हे काम जास्त वेगाने करील का? हात जास्त वेगाने हलतील, एवढं नक्की. टिमथी सॉल्टहाउस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली टंकलेखकांचा अभ्यास केला होता. त्यात १९ पासून ७२ वर्षांपर्यंतची माणसं होती. पडद्यावर खूण दिसली की बटण दाब, अशा साध्या चाचणीत वय वाढेल तशी माणसं मंदावलेली दिसली. टायपिंगचा वेग मात्र वयाने घटलेला नव्हता. कारण असं निघालं, की मुरलेल्या वयस्कर टंकलेखकांची नजर बोटांच्या बरीच पुढे धावत असते. बोट एका अक्षरावर असतं तेव्हा डोळ्यांनी पुढची कितीतरी अक्षरं उचललेली असतात. म्हणजे हात सावकाश चालत असूनही उशीर होत नाही, कारण निघालेलेच ते लवकर.

हे वाचलं आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या आजी आठवल्या. लहानपणी शाळेत जाण्याआधी मला त्यांच्याकडे जाऊन सहा सुयांमध्ये दोरा ओवून द्यावा लागायचा. चार पांढरे, दोन काळे. त्या सुया एका कापडी उशीवर ओळीने टोचलेल्या असत आणि संध्याकाळपर्यंत एकेक रिकामी होत जाई. मला ते संकट वाटे. एकदा म्हणालो, “आजी, लागेल तेव्हा हाक मारा ना, मी येईन.”

“दुपारी तू कुठे असतोस?”

“शाळेत.”

“मग?”

या ‘मग’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणखी एक युक्ती करून पाहिली. रोज यायला नको म्हणून चांगला वावभर लांब दोरा ओवला. आजींनी तो बोटांवरून ओढून ओढून पाहिला. “हे काय विहिरीत सोडायचंय?” म्हणाल्या आणि कात्रीने तोडून टाकला. हातभर दोरा, त्याहून जास्त नाही. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि गाठ सोडवायला डोळे लागतात, जे त्यांनी बटणाच्या काजांसाठी राखून ठेवले होते. डोळे असे वाणसामानासारखे पुरवून वापरायचे असतात, हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. आता चष्म्याचा नंबर दोनदा बदलल्यावर वाटत नाही.

मोठ्या माणसांचंही असंच चालतं म्हणा. पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन दांपत्याने १९९० साली म्हातारपणातल्या कौशल्याविषयी लिहिताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला दिला. ऐंशीच्या घरात त्यांनी वाजवायच्या रचना कमी केल्या, ज्या ठेवल्या त्या जास्त घोटल्या, आणि द्रुत जागा येण्याआधी लय मुद्दाम थोडी उतरवायला लागले, म्हणजे पुढचा वेग होता त्याहून जास्त भासावा. हातचलाखीच ही. पण ती करायला आपला हात आता कितपत चालतो हे स्वतःशी कबूल करावं लागतं, आणि तिथेच आमच्यासारख्यांचं घोडं अडतं.

इथवर सगळं गोड झालं. आता जिना झाडणाऱ्या मावशी. त्यांचा हिशेबही असाच नेमका: बादली आधी वर नेऊन ठेवायची, दर वळणावर दोन मिनिटं पायरीवर टेकायचं, कचरा एकदाच खाली. मी एकदा भारावून म्हणालो, “मावशी, तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे.”

“शिका की,” त्या म्हणाल्या, “उद्यापासून दोन मजले तुमचे.”

मावशी या वयात जिने चढतात ते आवड म्हणून नाही. काम सोडलं तर भागत नाही. काका सायकल हातात घेतात कारण त्यांना करमत नाही. मावशींना करमण्याचा प्रश्नच परवडत नाही. दोघांनाही ‘कष्टाळू’ म्हणून एकाच ओळीत बसवणं सोपं आहे, शिवाय फुकटही. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर सुरकुतलेल्या हातांची छायाचित्रं आणि खाली सुविचार येत राहतात. मीही पुढे पाठवलेत. आणि मावशींना वाकावं लागू नये म्हणून लांब दांड्याचा झाडू आणून द्यायला आम्हा सगळ्या मजल्यांना मिळून दोन वर्षं लागली. एवढी साधी गोष्ट सुचायला चिकाटीचं कौतुक थोडं कमी आणि त्यांच्या कंबरेकडे लक्ष थोडं जास्त असायला हवं होतं.

बाकी, या माणसांना सरळ प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, हा माझा अनुभव. काकांना मी एकदा फार गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, इतक्या वर्षांत तुम्ही काय शिकलात. त्यांनी विचार केला. बराच केला. मग म्हणाले, “ब्रेकच्या तारेला तेल घालत जा.” मी घालतो.

गेल्या महिन्यात चाक पुन्हा लचकायला लागलं. घेऊन गेलो. काकांनी चावी माझ्याच हातात दिली. अंगठ्यात जोर राहिला नाही म्हणाले. स्वतः स्टुलावर बसले, खडू धरला, चाक फिरवलं. रेघ उमटली, अगदी आखूड. एका तारेवर नख मारून ऐकलं, समोरच्या बाजूच्या शेजारणीवर मारून ऐकलं.

“ही. पाव.”

मी फिरवली. त्यांनी परत नख मारलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“पाव म्हटलं मी. हा अर्धा झाला. घे मागे.”