खाजणाकाठची शाळा आणि लेकीचा पहिला आठवडा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन राज्याच्या किनाऱ्यावर विस्कॅसेट नावाचे लहानसे गाव आहे. तिथे शीपस्कॉट नदी समुद्राला मिळण्याआधी खाड्यांचे अनेक फाटे फुटतात, आणि त्यांतल्या एका खाडीत घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर चुवाँकी ही संस्था आहे. क्लॅरेन्स ॲलन यांनी १९१५ मध्ये मुलांसाठी सुरू केलेले उन्हाळी शिबिर १९१८ मध्ये या जागेवर आले. १९८८ पासून त्याच आवारात, मुख्यतः अकरावीच्या मुलामुलींसाठी, एका सत्राची निवासी शाळा चालते. मूल आपली नेहमीची शाळा अर्धे वर्ष सोडून इथे येते, गणित, इंग्रजी, इतिहास हे विषय इथेच शिकते, शेतात आणि जंगलात काम करते आणि सत्र संपले की आपल्या वर्गात परत जाते. अशा सत्रशाळांची सुरुवात १९८४ मध्ये व्हरमाँटमधल्या माउंटन स्कूलने केली. डोंगरातल्या, वाळवंटातल्या अशा शाळा आता बऱ्याच आहेत. आमच्या लेकीला मात्र समुद्र हवा होता.

आमच्या ओळखीच्या अनेक मराठी घरांतून या शाळेविषयी विचारणा होते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न अकरावीचाच असतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी जे वर्ष सर्वांत महत्त्वाचे, त्याच वर्षी मुलीला कोंबड्या राखायला पाठवायचे का? अभ्यासाचे नुकसान होत नाही, एवढे त्यावर मी खात्रीने सांगते. वर्ग लहान असतात, शिक्षक त्याच आवारात राहतात आणि लेखनाची अपेक्षा आमच्या गावातल्या शाळेपेक्षा जास्तच होती. पण मला लिहायचे आहे ते पहिल्या काही दिवसांविषयी, कारण या शाळेचे सारे शहाणपण मला त्या दिवसांत दिसले.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही तिला सोडायला गेलो. माझे वडील तेव्हा गुहागरहून आमच्याकडे बॉस्टनजवळ राहायला आले होते, तेही बरोबर होते. लाकडी खोल्या, दुमजली बाकड्यांसारखे पलंग, मधोमध लोखंडी शेगडी, दारात गमबुटांची रांग. सामान लावून होताच आई-वडिलांनी निघावे, अशी शाळेची स्पष्ट अपेक्षा होती आणि ती मला योग्य वाटली. स्मार्टफोन घरीच ठेवायचा होता. पत्रे लिहायची आणि अधूनमधून शाळेच्या फोनवरून बोलायचे, असे ठरले होते. त्यामुळे त्या आठवड्याविषयी मी पुढे जे लिहिते आहे, ते तिच्या पत्रांतून आणि नंतरच्या बोलण्यातून कळलेले आहे.

पहिल्या रात्री ती रडली. खोलीतल्या आणखी दोघी रडत होत्या, हे तिला अंधारात ऐकू आले आणि त्याने बरे वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटले, असे तिने लिहिले होते. मी ते पत्र वाचले तेव्हा तो क्षण मागे पडून बरेच दिवस झाले होते. फोन असता तर त्याच रात्री तिने मला उठवले असते, मी तिची समजूत घातली असती आणि दुसऱ्या रात्री तिला पुन्हा माझ्याच आवाजाची गरज लागली असती. तसे घडले नाही, कारण सकाळी उजाडताच तिला खुराड्याचे दार उघडायचे होते. आदल्या संध्याकाळीच भिंतीवर कामांची यादी लागली होती आणि तिच्या नावापुढे कोंबड्या होत्या. दार उघडायचे, पाणी बदलायचे, दाणे टाकायचे, अंडी गोळा करून स्वयंपाकघरात द्यायची, आणि हे सगळे न्याहारीच्या आधी. कोणी मेंढ्यांकडे गेले, कोणी भाजीच्या वाफ्यांत, तर कोणी स्वयंपाकघरात भांड्यांना.

ही कामे शिस्त लावण्यासाठी शोधून काढलेली नव्हती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खुराडे उघडले नाही तर कोंबड्या कोंडून राहतात. अंडी आणली नाहीत तर चाळीसेक मुलांच्या न्याहारीत ती नसतात. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्याकडे, आणि इथल्या सुखवस्तू घरांतही, खऱ्या गरजेचे काम सहसा कोणी देतच नाही. तिने अभ्यास करावा, बाकी आम्ही बघतो, असे आपण प्रेमाने म्हणतो. त्या प्रेमात तिची कोणाला गरज आहे हे तिला कधी कळत नाही. शिक्षक तिच्याशी बोलले, तिची विचारपूस केली, तिला एकटे सोडले नाही. तरीही परक्या जागी तिचा जम बसवला तो त्या कामाने, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या पत्रात घराची आठवण एका ओळीत आटोपली होती. एक तांबडी कोंबडी इतर कोंबड्यांना दाण्यांजवळ येऊ देत नाही, म्हणून तिला वेगळे कसे खायला घातले, हे पानभर होते.

त्याच आठवड्यात मुले पहिल्यांदा चिखलात उतरली. या भागात भरती-ओहोटीच्या पाण्यात सरासरी पावणेतीन-तीन मीटरचा फरक पडतो, त्यामुळे सहा तासांपूर्वी जिथे होडी तरंगत होती तिथे ओहोटीला करड्या चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. कोकणातल्या खाजणांसारखेच हे दृश्य, फक्त तिवरांच्या जागी कमरेपर्यंत वाढणारे खारे गवत. चिखलात थांबले की पाय रुततो. म्हणून चवड्यावर भार देऊन पावले भरभर टाकायची, आणि रुतलाच तर ओढाताण न करता गुडघे टेकून अंगाचा भार पसरवायचा, हे शिक्षिकेने आधी करून दाखवले. तरी एका मुलाचा गमबूट आत राहिला आणि तो नुसत्या मोज्यानिशी पुढे निघाला. पायाखालच्या छिद्रांतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडतात. दाब पडला की पुरलेली शिंपली आपली नळी आत ओढून घेते, त्याची ती खूण. लेकीने हाताने उकरून एक काढली, कवचावरच्या रेषा पाहून तिच्या वयाचा अंदाज बांधला आणि परत पुरली. त्याच फेरीत हिरवे खेकडे दिसले. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर युरोपातून आलेला हा खेकडा कोवळ्या शिंपल्या खातो, आणि मेनच्या आखाताचे पाणी गेल्या काही दशकांत झपाट्याने तापत असल्यामुळे त्याचे फावले आहे. शिंपल्या खणून पोट भरणारी कुटुंबे याच किनाऱ्यावर आहेत, तेव्हा मुलांपुढे तो केवळ जीवशास्त्राचा धडा नव्हता.

आता माझ्या वडिलांविषयी. शाळेचे जेवणघर, खोल्या, ग्रंथालय हे सगळे त्यांनी सौजन्याने पाहिले, पण त्यांचे लक्ष पाण्याकडे होते. घरी आल्यावर त्यांनी नातीला पत्र लिहिले आणि त्यात कोकणातल्या नावाड्यांचा जुना हिशेब दिला: जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या वर्षी गणेशचतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास तुझी खाडी भरलेली असली पाहिजे. खरे-खोटे बघून कळव, असे त्यांनी तिला बजावले होते. पत्र पोहोचेपर्यंत चतुर्थी होऊन गेली होती. तिने शाळेतला छापील भरतीचा तक्ता काढला, त्या दिवसाची वेळ पाहिली, आणि तिला अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक दिसला. सकाळी न्याहारीनंतर वर्ग चिखलात उतरला होता तो याच हिशेबाने ओहोटीला.

हा हिशेब तिथे लागू पडण्याचे कारण साधे आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोपा आकडा. उरला प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा. तो प्रत्येक किनाऱ्याच्या आणि समुद्रतळाच्या ठेवणीवर अवलंबून असतो. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या आगेमागे येते, आणि उन्हाळी घड्याळाप्रमाणे मेनच्या या भागातही जवळपास तेव्हाच येते. दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट साफ चुकली असती. पुढच्या आठवड्यात तिने हे आपल्या विज्ञानाच्या वहीत मांडले, शिक्षिकेने तिला ते वर्गापुढे सांगायला लावले, आणि तिथी म्हणजे काय हे समजावताना तिला आधी स्वतःला ते नीट समजून घ्यावे लागले. त्यासाठी तिने आजोबांना फोन केला. ते दोघे इतका वेळ मराठीत बोलल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते.

लाकडे फोडणे हाही त्या पहिल्या आठवड्यांचा भाग होता. मुलांच्या खोल्या लाकडाच्या शेगडीवर तापतात आणि सप्टेंबर सरता सरता रात्री बऱ्याच थंड होतात, म्हणून कुऱ्हाड कशी धरावी, पाय कुठे असावेत, दुसरा माणूस किती दूर उभा असावा, हे लवकर शिकवतात. तिचे हात सोलवटले. त्याविषयी तिने तक्रार म्हणून काही लिहिले नाही.

या परिसराला निसर्ग नीट पाहणाऱ्या माणसांची परंपरा आहे. पक्षीओळखीच्या आधुनिक मार्गदर्शिकांचा पाया घालणारे रॉजर टोरी पीटरसन तरुणपणी चुवाँकीच्या शिबिरात मुलांना निसर्ग शिकवत असत. समुद्राविषयी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ-लेखिका रेचल कार्सन यांचे उन्हाळी घर याच शीपस्कॉटच्या मुखापाशी, साउथपोर्ट बेटावर होते, आणि ओहोटीच्या डबक्यांतले जीव त्या तिथे तासन्‌तास न्याहाळत.

अशा शाळेचा खर्च मोठा आहे. आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो आणि गरज असलेल्यांनी तो संकोच न करता करावा. पण तिथल्या पहिल्या आठवड्यातले जे उत्तम होते त्याला पैसे लागत नाहीत. वेळणेश्वरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी शाळा भरतीच्या रेषेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तिथल्या मुलांच्या घरी पंचांग आहे, चिखलातून तिसऱ्या (शिंपल्या) काढणारी आजी आहे, खाडीची खडान्‌खडा माहिती असलेला काका आहे. त्यांतल्या एखाद्या शिक्षकांनी किंवा शिक्षिकेने वर्गाला महिनाभर रोजची तिथी, पाऊणपटीने आलेली वेळ आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहिलेली भरतीची वेळ अशा तीन रकान्यांची वही ठेवायला लावली, तर ती वही पाहायला मला आणि माझ्या वडिलांना मनापासून आवडेल. आम्ही डिसेंबरात गुहागरला येत आहोत.