आमची वाटचाल : कॅमेरा भाड्याचा, दिवे स्वतःचे

स्वतंत्र निर्मात्यांच्या, कमी खर्चात होणाऱ्या चित्रपटांचे छायाचित्रण करणे आणि त्यासाठी लागणारे दिवे, लेन्स व माणसे पुरवणे हा आमचा व्यवसाय आहे. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच उभे राहिले. त्यामुळे फोकस पुलर (शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा), गफर (दिव्यांच्या चमूचा प्रमुख), जुन्या लेन्सची दुरुस्ती करणारे कारागीर अशी माणसे पुण्यात ओळखीओळखीतून मिळतात, आणि आमच्यासारख्या लहान व्यवसायाला मुंबईचे भाडे न भरता येथे टिकून राहता आले. मी स्वतः त्या संस्थेचा विद्यार्थी नाही. जाहिरातपट करणाऱ्या एका छायाचित्रकाराच्या हाताखाली सहायक म्हणून शिकलो.

ते दिवस फिल्मचे होते. पस्तीस मिलिमीटरचा 400 फुटांचा रोल सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने साडेचार मिनिटेही पुरत नाही. शिवाय निगेटिव्ह, प्रयोगशाळेतील धुलाई आणि प्रिंट यांचा खर्च निराळा असल्याने पुरेशी तालीम झाल्याखेरीज कॅमेरा सुरू करण्याची कोणाची छाती होत नसे. 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा व्हिडिओही काढणारा डिजिटल कॅमेरा आला आणि ज्यांना फिल्म परवडणारी नव्हती असे दिग्दर्शक छायाचित्रकाराच्या शोधात फिरू लागले. 2010 मध्ये आरीचा अलेक्सा हा चित्रपटांसाठीचा डिजिटल कॅमेरा आला आणि 2013 मध्ये फुजीने चित्रपटाच्या चित्रीकरणाची फिल्म बनवणे थांबवले, तेव्हा या बदलातून मागे फिरणे नाही हे सर्वांनाच कळून चुकले.

त्या सुमारास आमच्या बरोबरीच्या अनेकांनी कर्ज काढून कॅमेरे घेतले. आम्ही घेतला नाही, आणि आजही आमच्याकडे स्वतःचा मुख्य कॅमेरा नाही. डिजिटल कॅमेऱ्याची बाजारातील किंमत तीन-चार वर्षांत निम्म्याच्याही खाली येते आणि प्रत्येक दिग्दर्शक नव्याने आलेले मॉडेल मागतो. म्हणजे कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक उरलेले नसते. लेन्सचे तसे नाही. नीट जपलेला प्राईम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लांबीच्या) लेन्सचा संच वीस वर्षेही काम देतो आणि माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग) बदलून नव्या कॅमेऱ्यावर चढतो. दिव्यांचेही तेच. म्हणून कॅमेरा चित्रपटागणिक भाड्याने आणायचा आणि लेन्स, दिवे, स्टँड, कापड व केबल स्वतःच्या ठेवायच्या, असा नियम आम्ही घालून घेतला.

दिव्यांवर भर देण्यामागे आणखी एक कारण आहे. सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभे केलेले असताना, वरून आकाशासारखा सावली न टाकणारा उजेड मिळावा म्हणून सेटवर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिवे मारून परतणारा उजेड वापरला. त्यांचे ते तंत्र आज आमच्या गाडीत मांजरपाटाच्या थानांच्या आणि थर्माकोलच्या पत्र्यांच्या रूपाने असते, आणि कमी पैशांत चेहरा खरा दिसावा यासाठी त्याहून चांगला उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही. लहान चित्रपटाच्या प्रकाशयोजनेत दिवे किती लावले यापेक्षा ते कशावरून परतवले याला महत्त्व असते, हे निर्मात्याला पटवून देण्यात आमचा बराच वेळ जातो.

अविनाश अरुण यांचा, त्यांनीच चित्रित केलेला ‘किल्ला’ 2014 मध्ये बर्लिन महोत्सवात गौरवला गेल्यानंतर पावसाळी कोकणात चित्रीकरण करू इच्छिणाऱ्यांची चौकशी आमच्याकडे वाढली. पावसातले काम वाटते तितके सोपे नाही. ढगाळ आकाशाखाली उजेड बराच काळ एकसारखा राहतो, त्यामुळे सकाळी घेतलेला शॉट दुपारच्या शॉटशी जुळतो. पण चार वाजल्यानंतर तो झपाट्याने उतरतो. पडणारा पाऊस मागून उजेड असल्याखेरीज पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून धो-धो पावसातही पात्रांच्या पाठीमागे दिवा लावावा लागतो. वातानुकूलित खोलीतून काढलेल्या लेन्सवर दमट हवेत लगेच वाफ धरते, तेव्हा मुक्कामी लेन्सच्या पेट्या पंख्याच्या खोलीत ठेवण्याची सक्ती आहे. पूर्वी चार किलोवॉटच्या एचएमआय (दिवसाच्या उजेडासारखा प्रखर प्रकाश देणाऱ्या) दिव्यासाठी जनरेटरची गाडी न्यावी लागे. तिचे भाडे, डिझेल आणि संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करताना होणारा आवाज हे तिन्ही लहान निर्मात्याला जड जात. आता तीनशे ते सहाशे वॉटचे एलईडी दिवे गावातील घरगुती जोडणीवर चालतात आणि वीज गेली तर त्यातले लहान दिवे बॅटरीवरही चालवता येतात. आमची जनरेटरची गाडी त्यानंतर आम्ही विकून टाकली.

आता पैशांविषयी. स्वतंत्र चित्रपटावर छायाचित्रकाराचे घर चालत नाही, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना मी पहिल्याच भेटीत सांगतो. चित्रीकरण महिनाभरात उरकते. पण त्याआधीची रेकी (चित्रीकरणाच्या जागांची पाहणी), पैसे उभे राहण्याची वाट पाहणे आणि नंतरचे कलर ग्रेडिंग (दृश्यांचे रंग व उजेड जुळवणे) धरले तर एका चित्रपटात वर्ष सहज जाते. आमचा खर्च चाकण-रांजणगावच्या कारखान्यांचे माहितीपट आणि औषध कंपन्यांचे प्रशिक्षणपट यांतून निघतो. लग्नाची कामे सुरुवातीला घेतली, पुढे सोडली. काही निर्माते मानधनाऐवजी नफ्यात हिस्सा देऊ करतात, तर काही शासनाचे अनुदान मिळाल्यावर रक्कम चुकती करू म्हणतात. दोन्ही प्रस्ताव आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण अनुदान चित्रपट पूर्ण होऊन समितीने तो पाहिल्यानंतरच ठरते आणि लाइटमनची मजुरी तोवर थांबू शकत नाही. त्याऐवजी संहिता आवडली तर दिव्यांचे भाडे निम्मे करतो.

मार्च 2020 नंतर चित्रीकरणे थांबली, तेव्हा जुने टंगस्टन दिवे विकून सहायकांना निम्मा का होईना पगार देत राहिलो. काही जण तरीही गावी परतले. जे राहिले त्यांच्यापैकी दोघांनी त्या रिकाम्या काळात ग्रेडिंग शिकून घेतले, आणि आज कार्यालयाच्या मागच्या खोलीत जे लहानसे ग्रेडिंगचे काम चालते ते तेच दोघे सांभाळतात. तेथे येणारे बहुतेक चित्रपट आम्हीच चित्रित केलेले असतात. चित्रीकरणात कोणत्या खिडकीचा उजेड खरा होता हे त्यांना विचारावे लागत नाही, हा त्यातला मोठाच फायदा आहे.

हल्ली आम्ही मानधन, सामग्रीचे भाडे आणि ग्रेडिंग यांची तीन स्वतंत्र अंदाजपत्रके देतो, म्हणजे पैसे कमी पडले तर कशाला कात्री लावायची हे निर्मात्याला स्वतः ठरवता येते. दिवे कमी करा म्हटले तर करतो, चित्रीकरणाचे दिवसही कमी करून पाहतो. रेकी मात्र वगळू देत नाही. ओसरी पूर्वेला तोंड करून आहे की पश्चिमेला, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय आम्ही चित्रीकरणाच्या तारखा देत नाही.